यादीतला मूस

ही गोष्ट ऑर्विल टँडी स्वतःच सांगत सुटतो आणि सुरुवात ‘माझ्यासारखा गाढव अख्ख्या अलास्कात सापडायचा नाही’ अशीच करतो. तीस वर्षं त्यानं हायवेवरचा बर्फ उपसणारी गाडी चालवली. वळणावळणाची माहिती आहे गड्याला, फक्त बायकोच्या मनाची नाही.

बायको नेटी. बावीस वर्षं ती हायवेवरच्या खानावळीत पर्यटकांच्या जहाजांतून उतरून बसनं डोंगर बघायला येणाऱ्या प्रवाशांना जेवण वाढत होती. त्यांतल्या बायका म्हणायच्या, “किती सुंदर जागी राहता हो तुम्ही!” नेटी हसायची आणि त्यांच्या खरकट्या बश्या उचलायची. एकदा तरी आपण बसावं आणि दुसऱ्यानं वाढावं, एवढीच तिची इच्छा होती. यंदा तिनं हंगामातल्या शेवटच्या जहाजाची दोन तिकिटं काढली. ऑर्विल त्या जहाजांना जन्मभर ‘तरंगते गोठे’ म्हणत आला होता. पण तिकिटं बघून मुकाट्यानं नवी पँट घेऊन आला.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी दहाला ते निघाले. बर्चची झाडं पिवळीधमक झाली होती, डोंगर पायथ्यापासून लालभडक. संध्याकाळी साडेसहाच्या आत बंदर गाठायचं होतं, आणि त्याआधी वाटेत एक एकेरी बोगदा, तासातून एकदाच आत सोडणारा. मागे सामानात दोन बॅगा, दोर, ताडपत्री, सुऱ्या आणि कुऱ्हाड.

“जहाजावर कुऱ्हाड कशाला रे?” नेटीनं विचारलं.

“रस्त्याचा काय भरवसा!” ऑर्विल म्हणाला. शहाणाच तो.

पाऊण तासानं फोन वाजला. पलीकडे पोलिसातली जोलीन होती.

“ऑर्विलकाका, नंबर लागला तुमचा! कँटवेल गावाच्या अलीकडे ट्रकनं मूस उडवलाय. मादी आहे, चांगली गलेलठ्ठ. अर्ध्या तासात येताय ना?”

तिकडे गाडीखाली मूस मेला की पोलीस यादीतल्या पुढच्या घरी फोन करतात. घोड्याहून उंच ते सांबर, हिवाळाभर घर जेवतं त्यावर. अट एकच, अख्खं जनावर उचलायचं, रस्त्यावर काही टाकायचं नाही. नाही म्हटलं की नाव तळाला. ऑर्विल सहा वर्षं वाट बघत होता.

“यादीतून या महिन्यापुरतं नाव काढायला सांगितलं होतं मी तुला,” नेटी म्हणाली. “केला फोन, म्हणालास.”

“करणारच होतो गं.”

“म्हणजे केला नाहीस.”

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं दैवानं मूस दिला होता आणि कर्म स्टिअरिंगवर बसलं होतं. मूस नेमका त्यांच्याच रस्त्याकडेला पडला होता, त्यामुळे न दिसल्यासारखं करून पुढं जायचीही सोय नव्हती. तिथं पोचल्यावर ऑर्विलनं गाडी थांबवली.

“चाळीस मिनिटं,” तो खाली उतरत म्हणाला. “फार तर पन्नास!”

मूसपाशी उभी असलेली जोलीन हसायला लागली. “काका, तीन तासांच्या आत मूस सोलून झालेला मी तरी पाहिला नाही.”

“तू गप गं!”

नेटी खाली उतरली. तिनं ताडपत्री काढली, सुऱ्या काढल्या, कुऱ्हाड काढली. ऑर्विलचा ऊर भरून आला. काय बायको आहे, लगेच कामाला लागली! मग तिनं त्याची बॅगही काढून रस्त्याकडेला ठेवली.

“हे गं काय?”

“तुझा मूस, तुझी बॅग,” नेटी म्हणाली. “शेजारच्या डेल्मरला फोन कर, त्याचा ट्रक आहे. मी निघाले.”

“अगं, एकटी? तीनशे मैल?”

“बावीस वर्षं एकटीच उभी होते, आज बसून जाते.”

आणि ती गेलीसुद्धा! पुढच्या वळणावर वळेल, म्हणून ऑर्विल हातात सुरी घेऊन बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. जोलीननं काहीच न पाहिल्यासारखं केलं. शेवटी तो गुडघ्यावर बसला आणि कामाला लागला. डेल्मर आला तेव्हा नवी पँट मांडीपर्यंत रक्तानं माखली होती.

संध्याकाळी सातला तो गॅरेजमध्ये मांसाचे तुकडे टांगत असताना फोन आला.

“पोचले,” नेटी म्हणाली. “जहाज सुटतंय.”

“जेवलीस?”

“वाढतायत.”

“नेटे, चुकलं माझं. गाढव आहे मी. उद्या विमान पकडतो, पुढच्या बंदरावर तुला गाठतो. येऊ ना?”

हो म्हणेल, याची त्याला खात्री होती. पलीकडून फक्त भांड्यांचा आणि माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता.

“नको, ऑर्विल,” ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी मायेनं म्हणाली. “मला इथं बरं वाटतंय.”

“माझ्याशिवाय?”

“हो रे. मलाही आत्ताच कळलं.”

गोष्ट सांगताना ऑर्विल इथवर लोकांना पोट धरून हसवतो, पण इथं आला की थांबतो. त्या रात्री त्यानं तिला फक्त तिचं परतीचं विमान कितीला उतरणार ते विचारलं. तिनं दिवस आणि वेळ सांगितली, आणि तो दोन तास आधीच विमानतळावर जाऊन उभा राहिला.