तीन तासांची भिंत

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आणि त्यातली निम्मी कामं ठेकेदारांशी भांडून सोडली. कारण एकच, मला भिंत सरळ लागते. सरळ म्हणजे सरळ! गिलावा झाला की बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकायचा, आणि कुठे जरा जरी उंचवटा दिसला की तेवढा भाग खरवडून पुन्हा करायचा. माझ्या पाठीमागे सगळे मला 'बॅटरी' म्हणतात. म्हणेनात का.

गुडघ्यांनी परांचीवर चढायला साफ नकार दिला, तेव्हा मी प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागलो. पत्र्याची एक लांबलचक शेड, आत विटांच्या आठ उघड्या भिंती, आणि आठ शिकाऊ. त्यातली एक माझी सून. घरी मला 'बाबा' म्हणायची, वर्गात 'सर', आणि वैतागली की दोन्हीकडे 'अहो सर'.

तिची गोष्ट वेगळी होती. बाकीचे सात जण नवखे होते, हिनं मात्र आठ वर्षं बांधकामावर घमेली वाहिली होती. माल कालवायचा हिनं, डोक्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचा हिनं, आणि थापी चालवायची दुसऱ्यानं. थापी मागितली तर हसायचे. आता इस्पितळाच्या दुरुस्ती विभागात गवंड्याची कायमची जागा निघाली होती आणि तिची निवडही झाली होती. फक्त महिनाअखेरपर्यंत परीक्षा पास झाल्याचा कागद हवा होता. दोन मीटर लांब, दोन मीटर उंच भिंत, मधे एक खिडकी, तीन तासांत गिलावा पूर्ण. पहिल्यांदा नापास झालं तर पंधरा दिवसांनी आणखी एक संधी. तिसरी नाही.

पहिल्या परीक्षेत माझे आठच्या आठ नापास झाले.

परीक्षक एकेका भिंतीपुढे उभा राहून मान हलवत होता. सुनेच्या भिंतीची डावी बाजू अशी झाली होती की गाल टेकवावा. खिडकीपलीकडे मात्र नुसत्या विटा. "बाई, हात सुरेख आहे तुमचा," तो म्हणाला, "पण उरलेली भिंत कुठंय?" मला राहवलं नाही. म्हटलं, "झालंय तेवढं तर बघा! असं काम तुम्हाला गावभर शोधून सापडणार नाही." तो म्हणाला, "बघितलं की. पण अर्ध्या भिंतीला पूर्ण कसं म्हणू, तुम्हीच सांगा." काय सांगणार, कपाळ!

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मुलगा कामानिमित्त लांब असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"बाबा, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. बोल."

"परीक्षेत मी खिडकीची कड करत होते, तेव्हा तुम्ही मागे उभे राहून 'हंऽऽ' केलंत."

"मी एक अक्षर बोललो नाही!"

"बोलला नाहीत. नुसतं हं केलंत. तुमचं ते हं ऐकलं की माझा हात आपोआप खरवडायला लागतो. तीनदा खरवडली मी ती कड. तोवर घमेल्यातला माल घट्ट होऊन गेला."

"मग काय, वाकडी ठेवायची होती?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "मला आता घमेलं उचलायचं नाही, बाबा. मान गेलीय माझी. तुम्हाला दाखवत नाही, पण रात्री कुशीवर वळता येत नाही मला."

मी उठलो आणि चपला घालून बाहेर पडलो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसायला नको होतं. पण चौकापर्यंत जाईस्तोवर त्या पाण्याचा राग झाला, कारण मला तेवढंच जमतं. म्हणे तुमच्या 'हं'मुळे! माझ्या 'हं'मध्ये चाळीस वर्षं आहेत म्हटलं.

त्याच तिरमिरीत वर्गात शिरलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बसा खाली. आज मी परीक्षा देतो. तीन तासांत पूर्ण भिंत, आणि तीही काचेसारखी. बघून घ्या, म्हणजे कारणं सांगायची सोय राहणार नाही."

"घड्याळ मी धरते," सून म्हणाली. मग हात पुढे केला. "आणि बॅटरी द्या इकडे."

"का?"

"परीक्षेत बॅटरी चालत नाही. अहो सर, द्या ना."

दिली.

सुरुवात झकास झाली. भिंतीवर पाणी मारलं, ओळंबा लावला, माल फेकला, पट्टी ओढली. हात कसा लोण्यासारखा चालत होता. पोरं तोंड उघडं टाकून बघत होती आणि मी मनात म्हणत होतो, बघा बघा. मग खिडकीची डावी कड आली. जरा खाली दबल्यासारखी वाटली म्हणून खरवडली. पुन्हा केली. मग वरचा कोपरा खटकला.

"अर्धा वेळ गेला," सून म्हणाली.

"काय बोलतेस!"

"दीड तास, सर. तुम्ही अजून खिडकीच्या अलीकडे आहात."

मी मागे सरून बघितलं. तिच्या परीक्षेतल्या भिंतीसारखीच दिसत होती माझी भिंत. एवढ्या मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो, आणि आठ जोड्या डोळे माझ्यावर होते.

मग मी कसा सुटलो ते विचारू नका. खिडकीखाली पट्टी ओढताना भिंतीला पोट आलेलं हाताला स्वच्छ कळलं, अर्ध्या बोटाएवढं. थापी उचलली खरवडायला. "पुढे," सून म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर घड्याळ टाकून पळाली असती. "पुढे चला, सर." तिच्या नावानं दात खात पुढे गेलो. शेवटच्या तासात खांदा भरून आला, गिलावा घोटायचा रंधा जड झाला, माल घट्ट व्हायला लागला, त्यात पाणी किती शिंपडायचं याचा अंदाज चुकायला लागला. सहा मिनिटं उरली असताना उजव्या टोकाला पोचलो आणि तिथेच खाली बसलो.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सगळ्यात उंच पोरगा, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो पुढे आला आणि खिडकीखालच्या पोटावरून त्यानं तळवा फिरवला.

"सर, हे तुमच्याकडून झालं?"

"नाही, तुझ्या काकाकडून झालं!"

सगळी शेड हसली. मग एकेक जण येऊन त्या पोटावरून हात फिरवून गेला. मला शरम वाटली, खोटं कशाला बोलू? पण बसल्या बसल्या एक गोष्ट लख्ख कळली. पाच महिन्यांत या आठांपैकी एकही जण भिंतीच्या उजव्या टोकाला कधी पोचलाच नव्हता. खांदा भरून आल्यावर हात कसा चालवायचा, घट्ट होणारा माल कसा सांभाळायचा, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी कधी तिथवर जाऊच दिलं नव्हतं. त्यांना शिकवली होती ती अर्धीच भिंत, आणि वर मिजास माझी!

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. रोज एक पूर्ण भिंत, कशीही होवो. ती झाल्यावरच चुका बघायच्या, आणि उद्याच्या भिंतीत त्यातली एकच सुधारायची. पहिल्या चार दिवसांच्या भिंती बघून मला जेवण गेलं नाही. दहाव्या दिवशी मात्र लंबूची भिंत बघून मी दोनदा चष्मा पुसला. ओळंब्यात होती!

परीक्षेच्या दिवशी मी शेडच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभा होतो. दोन तास सगळं ठीक चाललं. मग सुनेच्या भिंतीत खिडकीच्या उजव्या कडेला खळगा पडलेला मला दिसला. तिलाही दिसला. तिचा हात थांबला आणि तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या घशात तो हं आला, अगदी जिभेपर्यंत. माझा माझ्या तोंडावर भरवसा नाही, आणि चेहऱ्यावर तर त्याहून नाही. मी पाठ फिरवली आणि तडक बाहेर निघून गेलो.

बाहेर बसवेना. पाण्याच्या टाकीची एक पायरी फुटली होती. जवळच सिमेंट आणि वाळू पडली होती. हातानंच माल कालवला आणि पायरी भरत बसलो. आत काय चाललंय, ती खरवडतेय का, माल घट्ट झाला का, नुसती जिवाची घालमेल. पायरी वाकडी झाली, माझं लक्षच नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागून आवाज आला, "बाबा." केंद्राच्या आवारात तिनं मला कधी बाबा म्हटलं नव्हतं.

"पूर्ण झाली?"

"झाली. परीक्षकांनी मार्क पण सांगितले. एकाहत्तर."

"शंभरातले?"

"शंभरातले. खळगा तसाच आहे. त्याचे कापले त्यांनी. पण पास आहे, बाबा. सोमवारपासून इस्पितळात जायचंय." ती हसत होती.

एरवी मी उरलेले एकोणतीस कुठे गेले ते विचारलं असतं. त्या दिवशी उठलो आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला. लग्न होऊन घरात आली त्याला अकरा वर्षं झाली होती, पण असा हात मी कधी ठेवला नव्हता. बऱ्याचदा मनात आलं होतं, पण दर वेळी काहीतरी कमी वाटायचं. वेळ बरोबर नाही, शब्द बरोबर नाहीत.

"अहो बाबा, सिमेंट!" ती ओरडली. "माझे केस! हात तरी धुवायचेत!"

धुवायला गेलो असतो तर परत आलो नसतो. मी हात तसाच ठेवला.