शिडीखालची जागा

"काका, दोरीच्या मागे," रखवालदाराने दुसऱ्यांदा सांगितलं.

पेंटर मागे सरला. समोर प्रदर्शनातलं आठ फुटी चित्र होतं. बसथांब्यामागची सरकारी भिंत, खालून ओलीने फुगलेली, पोपडे सुटलेली, पायथ्याशी कचरा. मधोमध मात्र सुपरस्टारचा चेहरा, आत्ताच न्हाऊन आल्यासारखा टवटवीत.

याच भिंतीवर पेंटरने तीस वर्षं पोट भरलं. सुपरस्टारच्या दर वाढदिवसाला चाहते पेंटरकडून चेहरा नव्याने रंगवून घ्यायचे, चेहऱ्यापुरताच. "आधी भिंत खरवडून घेऊ, ओल आत शिरलीय," असं तो दर वर्षी सांगून बघायचा. "भिंत सरकारची, साहेब आमचे," हे उत्तर ठरलेलं. साहेब सत्तरीला टेकले तरी भिंतीवर पंचविशीतच राहिले. पेंटरचे मात्र दात गेले, आणि गेल्या वर्षी बायको गेली.

लेकीने फोनवर सांगितलं होतं, "बाबा, त्या चित्रात तुम्ही आहात, शिडीवर!"

"आणि आई?"

"गर्दी होती हो, नीट दिसलं नाही."

बायकोचा कामावरचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. म्हणून तर तो दोन बस बदलून आला होता.

त्याने चष्मा लावला. शिडीवर पाठमोरा माणूस होता, उतरता खांदा अगदी त्याचाच. खाली कोणी नव्हतं.

चित्रकार मुलगी लगबगीने जवळ आली. "तुम्हीच ना ते? मी रोज थांब्यावरून बघायचे तुम्हाला."

"खाली माझी बायको असायची."

"हो, आठवतात ना. शिडी धरून असायच्या." ती जरा ओशाळली. "पण मला माणूस एकटा हवा होता. समोर एवढा मोठा देव, आणि हा एकटा. म्हणून त्यांना नाही घेतलं."

पेंटरला राग आला. पोरगी लेकीच्या वयाची, म्हणून त्याने तो गिळला.

"चित्र झकास आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. "पण ओल्या भिंतीला शिडी अशी नुसती टेकून राहत नाही, बाळ. माणूस पडेल."

तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

पेंटर दोरीखालून वाकून आत शिरला. गुडघे कुरकुरले. तो शिडीच्या पायथ्याशी उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात चित्रापासून वीतभर लांब, शिडीच्या दोन बाजूंना धरले.

"अहो काका! हात नका लावू!"

"लावत नाही रे. तो उतरेपर्यंत धरतो फक्त."