खाट फिरवण्याआधी

आमच्या पोर्ट अँटोनियोत माणूस गेल्यापासून नवव्या रात्री कोणी कोणाला बोलावणं धाडत नाही. फाटक उघडं असतं. येईल त्याच्या हातात तळलेला मासा आणि पाव द्यायचा, रम ओतायची, आणि तू कोण, कुठला हे विचारायचं नाही. मेलेल्याला ओळखत नसता तर आला कशाला असता?

या रीतीपायीच केझाया तासभर आमच्यात आपल्या मेलेल्या बापाला शोधत फिरली, आणि तो मेलाय हे तिला आमच्यातल्या एकानंही सांगितलं नाही.

शिकणाऱ्या पोरांचं ते पांढरं जहाज तीन दिवस बंदराला लागलं होतं. जहाजावरच वर्ग, जहाजावरच परीक्षा, आणि बंदर आलं की हुंदडायला मोकळे. ही पोरगी दोन मैत्रिणींबरोबर आत आली तेव्हा मला वाटलं, गाण्याचा आवाज ऐकून आल्या असतील. कर्णे दणाणत होते, अख्खं अंगण नाचत होतं. तीही नाचली. पण नाचता नाचता तिचे डोळे एकेका पिकल्या बाप्याच्या तोंडावरून फिरत होते.

डॉमिनो खेळणाऱ्या ग्लॅडस्टननं हटकलंच, "काय गं पोरी, नवरा बघतेस का? दात मोजून घे माझे, सहा आहेत अजून!"

"त्यातले चार डॉक्टरनं लावलेले," बर्टीनं सोंगटी आपटली. "खेळ मुकाट!"

मी भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. अशा रात्री गीतांच्या ओळी सांगायचं काम माझं. मी एक ओळ सुरात सांगायची, अंगणानं ती झेलायची. मी थांबेपर्यंत कोणी उठायचं नाही. पोरगी माझ्याजवळ आली, घामेजलेली, हसरी.

"मिस, यातले लिनव्हल पिनॉक कोणते?"

माझा पाव हातातच राहिला. "तू त्यांची कोण गं?"

"मुलगी. केझाया. टोरांटोहून आले."

केझाया! बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं, आणि मग देवानं त्याची ओंजळ पुन्हा भरली, तेव्हा झालेली ही लेक. आमचे पाळक चर्चमध्ये ती कथा सांगू लागले की लिनव्हल शेवटच्या बाकावर टोपीत तोंड खुपसून बसायचा. कागदपत्रांपायी त्याला तिकडून परत धाडलं, तेव्हा पोर दोन वर्षांची होती. पत्र गेलं की कधी उत्तर यायचं, कधी नाही. मग तिकडचा पत्ताच बदलला.

"बस, बाळ," मी म्हटलं. "अंगण त्याचंच आहे. रात्रही त्याचीच. आज नववी."

तिनं कर्ण्यांकडं पाहिलं. "पण ही तर पार्टी आहे."

"हो गं. त्याला निरोप द्यायची."

ती बसली. "त्याचा पत्ता पहिल्या दिवसापासून खिशात होता, मिस. हिंमत झाली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, नदीत तराफ्यावर फिरायला चल. मग धबधबा. काल रात्री किनाऱ्यावर नाच. म्हटलं, शेवटच्या रात्री जाऊ. त्याला मी नको असले तरी सकाळी सहाला जहाज सुटेलच. आज फाटकापाशी गाणं ऐकलं आणि वाटलं, बरं झालं, खुशीत असेल." तिनं ओठ दाबले. "कधी पुरलं?"

मी खोटं बोलणार होते. देवाच्या दारात कबूल करीन, 'जहाज यायच्या आधीच' हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात ग्लॅडस्टन मान न वळवता बोलला, "परवा दुपारी. काय ऊन! दोन वाजेपर्यंत चेहरा उघडा ठेवला होता, सगळ्या गावानं पाहिला."

मग त्यानं मान वळवली, तिच्याकडं पाहिलं, आणि टोपी काढली.

परवा दुपारी ती तराफ्यावर होती.

बाराला वीस मिनिटं कमी होती. बाराला आम्ही मेलेल्याच्या खोलीत जातो, गादी उलटी करतो, खाट दुसऱ्या भिंतीला लावतो. म्हणजे परत आलेल्या जिवाला घर ओळखू येत नाही आणि तो पुढच्या वाटेला लागतो. पहिला हात रक्ताच्या माणसाचा. लिनव्हलचं इथं कोणी नव्हतं, म्हणून तो मी लावणार होते. हे तिला सांगितलं. चर्चमध्ये लिनव्हल टोपीत तोंड खुपसायचा, तेही सांगितलं.

"म्हणजे बारापर्यंत तो येऊ शकतो?"

जीव थेट देवापाशी जातो, असं पाळकांनी मला शंभरदा बजावलंय. मी म्हटलं, "येतो, बाळ."

ती आत गेली. दार लावलं. मी कर्णे बंद करायला लावले, उभी राहिले आणि पहिली ओळ सांगितली.

गीत सहा कडव्यांचं. सहावं संपत आलं तेव्हा बारा वाजून गेले होते. मी पुन्हा पहिलं धरलं. अंगण चपापलं, पण ओळ झेलली.

"मिस आयोनी," बर्टी ओरडला, "घड्याळ बंद पडलं की काय?"

"तू सूर सांभाळ! तुझ्या सुराला कंटाळूनच बायको मेथडिस्टांच्या चर्चात गेली तुझी."

हशा पिकला. तिसऱ्यांदा पहिलं कडवं. घसा बसला, टाचा भरून आल्या. आतून बोलणं ऐकू येत होतं. तिचं एकटीचंच, पण मध्ये मध्ये थांबून, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ दिल्यासारखं.

साडेबाराला दार उघडलं. डोळे सुजलेले. "आता काय करायचं, सांगा."

गादी तिनंच उलटली. खाट जुन्या लाकडाची, जड. ग्लॅडस्टन आणि बर्टी पुढं झाले, तर तिनं त्यांना थोपवलं. एकटीला हलेना, तेव्हा आम्ही तिघांनी फक्त पायथ्याची बाजू धरली. उशाकडची तिची.

भिंत वीतभर उरली असताना ती थांबली.

"मिस आयोनी, इथंच राहू दिली तर?"

"तर तो अडकून राहील गं. वाट बघत."

"अठरा वर्षं तेच केलं त्यानं," ती म्हणाली, आणि खाट भिंतीला लावली.