जुना बॉल जॉइंट

चष्मेवाल्याला दोनच गोष्टींत गती होती. एक, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासणं. दुसरी, जुन्या जीप गोळा करून त्या पुन्हा उभ्या करणं. पहिलीवर घर चालायचं आणि दुसरीवर घरातलं भांडण. घरामागे पत्र्याची शेड होती आणि तिच्यात तीन जीप होत्या: एक चालणारी, एक बंद पडलेली, आणि तिसरी म्हणजे नुसता सांगाडा. "तुमची ती तिसरी आज अजून थोडी गंजली का हो?" असं बायको जेवायला वाढताना विचारायची आणि तो बिचारा खरोखरच उत्तर द्यायचा.

या वेडात त्याला एकच साथीदार होता, बायकोचा मोठा भाऊ. बस डेपोत हेडमेकॅनिक. डेपोत सगळे त्याला दादा म्हणत, बहीणही दादा म्हणे, म्हणून चष्मेवालाही दादाच म्हणायचा. दादा त्याला चिडवायला 'जावईबापू' म्हणत असे, पण बारा वर्षांत 'तुम्ही' सोडून त्याने कधी हाक मारली नव्हती. दर रविवारी सकाळी तो स्वतःचे पाने फडक्यात गुंडाळून शेडमध्ये हजर व्हायचा. चष्मेवाल्याच्या पान्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

दोघांचं वेड एकच, पण तऱ्हा वेगळी. दादाला गाडी चालायला हवी असायची. चष्मेवाल्याला ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी दिसायला हवी असायची. एकदा रंग खरवडताना सात थरांखाली मूळचा फिकट हिरवा रंग लागला, तेव्हा त्याने फोन करून दादाला कामावरून बोलावून घेतलं. दादा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "रंगच आहे की."

त्या वर्षी जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा होता. तिथले परीक्षक गाडीखाली आडवे होऊन एकेक भाग बघत आणि मूळच्या भागाला वेगळे गुण देत. चष्मेवाला वर्षभर त्याच नादात होता. मेळाव्याला तीन आठवडे उरले असताना दादा चालत्या जीपखाली शिरला, पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि तसाच बाहेर सरकला.

"स्टिअरिंगचा बॉल जॉइंट गेलाय."

"थोडा ढिला आहे, माहितीये मला."

"ढिला नाही, गेलाय. वाटीतून गोळा निसटला की तुम्ही स्टिअरिंग कुठेही फिरवा, चाक आपल्या मनाने जाणार. नवीन टाका. आजच."

"टाकतो."

त्याने नवीन आणलाही. पण जुन्यावर कारखान्याचा शिक्का होता, भिंगातून दिसेल एवढा बारीक तारा. तो भाग शोधायला त्याला दीड वर्ष लागलं होतं. त्याने जुनाच पुसला, ग्रीस ठासून भरलं, आवळता येईल तेवढा आवळला. तीन आठवड्यांचा तर प्रश्न, मेळावा झाला की बदलू. नवा जॉइंट खोक्यासकट फळीवर रंगाच्या डब्यांमागे गेला. पुढच्या रविवारी दादाने विचारलं, "टाकला?" तो म्हणाला, "टाकला." दादाने खाली वाकून बघितलं नाही. घरातल्या माणसाचं बोलणं तो तपासून पाहत नसे.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी दोघं जीप नदीच्या पात्रात चालवून बघायला निघाले. धरणाच्या खाली पात्र रुंद होतं, गोटे आणि वाळू, मधून घोट्याएवढं पाणी. सकाळचे दहा वाजले होते. चष्मेवाला गाडी चालवत होता, दादा डाव्या सीटवर पाय ताणून गुणगुणत होता. काठावरून खाली उतरताना पुढचं डावं चाक एका दगडावर आदळलं, खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि चष्मेवाल्याच्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. त्याने उजवीकडे वळवलं. गाडी डावीकडे गेली, कडेच्या गोट्यांवर चढली आणि आडवी झाली.

तो बाहेर फेकला गेला. उठून बसला तेव्हा कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. दादा पाण्यात बसल्यासारखा दिसत होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली बॉडीच्या कडेखाली गेला होता.

"हलतंय का बघा," दादा म्हणाला. आवाज अगदी शांत होता, डेपोत कुणाला पाना मागावा तसा.

चष्मेवाल्याने खांदा लावला. पाठ लावली. पाय दगडाला अडकवून सगळा जोर लावला. जीप केसभरही हलली नाही. फोन खिशातच होता, पण पाण्याने बंद पडला होता. दादाचा फोन सापडलाच नाही. तो काठावर धावत चढला, रस्त्यापर्यंत गेला, ओरडला. दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता आणि ऊन. परत आला आणि पायाभोवतीची वाळू हातांनी उकरू लागला. एक ओंजळ काढली की दुसरी आत सरकत होती. नखं तुटली तरी खड्डा तेवढाच.

तेवढ्यात वरच्या अंगाला धरणाचा भोंगा वाजला.

दोघांनाही त्याचा अर्थ माहीत होता. दरवाजे उघडण्याआधी वाजतो तो. दादाने मान वर करून पाण्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे. "जॅक."

मागे पट्ट्याने बांधलेला लांब जॅक त्याने सोडवला. टप्प्याटप्प्याने वर चढणारा, दांडा दाबला की एक खटका. कडेखाली लावून त्याने दाबायला सुरुवात केली. खटके वाजत होते, दांडा खाली जात होता, पण जीप वर येत नव्हती. जॅकचा पायाच वाळूत रुतत चालला होता. त्याने काढला, खाली दगड टाकला, पुन्हा लावला. दगड उलटला. दुसरा टाकला. तोही उलटला. पाणी दादाच्या कमरेला लागलं होतं आणि गढूळ झालं होतं.

"जावईबापू," दादा दात आवळून म्हणाला, "जॉइंट नवीन होता ना? मग तुटलं काय?"

चष्मेवाल्याच्या हातातला जॅक तसाच राहिला. खोटं बोलायला आता काहीच हरकत नव्हती, कोण बघणार होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "नवीन टाकला नव्हता, दादा. जुनाच होता. गुणांसाठी ठेवला."

 पाणी दादाच्या बरगड्यांपर्यंत आलं. चष्मेवाला रडत होता आणि रडता रडता "माझं चुकलं, माझं चुकलं" एवढंच म्हणत होता.

"गप," दादा ओरडला. "एकदम गप. रडायला नंतर बस. जॅकखाली रुंद काहीतरी घाल, गाढवा. पत्रा. बॉनेट काढ."

बॉनेट. त्या जीपवरचा सगळ्यात जुना, सगळ्यात नीट राहिलेला पत्रा. चष्मेवाल्याने तो तीन महिने हाताने घासला होता. आता त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. हत्यारांची पेटी पालथी पडली होती, पाण्यात चाचपून त्याने एक पाना शोधला. बिजागरीचे बोल्ट त्याने स्वतःच आवळले होते, निघता निघेनात इतके घट्ट. चार निघाले. पाचव्यावर पाना घसरू लागला. त्याने दगड घेऊन बिजागरी ठोकली, वाकवली, पिरगाळली आणि बॉनेट उपटून काढलं. सीटची गादी सुटली होती, ती दादाच्या पाठीमागे खोचली, म्हणजे मान तरी वर राहील.

बॉनेट वाळूवर पालथं दाबलं, त्यावर जॅक. एक खटका. पत्रा कुरकुरला, मधे खोलगट झाला, पण रुतला नाही. दुसरा खटका. पाणी दादाच्या गळ्याशी आलं होतं आणि त्याने हनुवटी वर उचलली होती. तिसरा. चौथा. कड बोटभर वर आली.

"आता?"

"अजून."

पाचव्या खटक्याला पाणी दादाच्या तोंडात गेलं. तो खोकला. त्याचा चेहरा पाण्याखाली गेला, पुन्हा वर आला. चष्मेवाल्याला एकाच वेळी दांडाही धरायचा होता आणि दादाचं डोकंही, आणि हात दोनच होते. त्याने दांड्यावर छाती टाकली, सगळं अंग टाकलं आणि मोकळ्या हाताने दादाची कॉलर वर ओढून धरली. सहावा खटका. सातवा. दादा जनावरासारखा ओरडला आणि मागे सरकला. पाय निघाला. चष्मेवाल्याने दांडा सोडून त्याला काखेत धरून ओढलं. मागे जॅक निसटला आणि जीप पुन्हा वाळूत बसली. त्याने वळून बघितलं नाही.

काठ चढायला किती वेळ लागला ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. पायावर पट्टा आवळला होता एवढं आठवत होतं. रस्त्यावर दुधाचा टँकर थांबला. चालकाने केबिनचं दार उघडलं आणि दादाला वर घेतलं.

डॉक्टरांनी पाय वाचवायचा प्रयत्न दोन दिवस केला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून काढला.

बायको हॉस्पिटलच्या जिन्यात बसली होती. तिला सगळे सांगत होते की उतार निसरडा होता, नशीब खराब. चष्मेवाला तिच्याखालच्या पायरीवर बसला आणि त्याने तिला खरं सांगितलं. शिक्क्यासकट, खोक्यासकट, 'टाकला' म्हणाला होता त्यासकट.

तिने एवढंच विचारलं, "किती गुण मिळणार होते?"

"दोन."

ती उठली आणि भावाच्या खोलीत गेली. त्या रात्रीपासून महिनाभर ती दादाच्या घरी, वहिनीकडेच राहिली. घरी आली ती कपड्यांची बॅग घेऊन, आणि त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली.

दादाला डेपोने स्टोअरमध्ये बसवलं. ज्याने उभं आयुष्य बसखाली काढलं, तो आता खुर्चीत बसून नटबोल्टच्या पावत्या फाडत होता. चष्मेवाला दर आठवड्याला त्याच्या दाराशी जायचा. वहिनी दार अर्धंच उघडायची. "झोपलेत," म्हणायची. आतून रेडिओचा आवाज येत असायचा. तो पायरीवर थोडा वेळ उभा राहायचा आणि परत फिरायचा. शेडला त्याने कुलूप घातलं.  दोनदा चुकीच्या नंबरचा चष्मा गिऱ्हाइकाला गेला. एकदा त्याने भंगारवाल्याला बोलावून उरलेल्या दोन्ही गाड्या घेऊन जायला सांगितलं. भंगारवाला टेम्पो घेऊन येणार होता त्याच्या आदल्या संध्याकाळी फाटकाशी रिक्षा थांबली.

दादा कुबड्यांवर आत आला. नवा कृत्रिम पाय अजून त्याच्या अंगवळणी पडला नव्हता. तो शेडकडे गेला, कुलपाकडे बघितलं.

"गाड्या विकतोयस म्हणे."

"ठेवून काय करू, दादा? बघवत नाही."

"तुला बघवत नाही म्हणून विकतोस? बारा वर्षं मी इथे ग्रीस खाल्लंय. मला विचारलंस?" त्याचा आवाज चढला. "पाय माझा गेला आणि सुटका तुझी. किल्ली आण."

चष्मेवाल्याने किल्ली आणली. दादा बंद पडलेल्या जीपला टेकून उभा राहिला.

"क्लच डाव्या पायाचा असतो," तो म्हणाला. "मला हातावर पाहिजे. गियरच्या दांड्याला लिव्हर, तिथून तार खाली. मूळचं काय ठेवायचं नि काय नाही ते मी ठरवणार. आणि माफबिफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

काम जमायला अकरा महिने लागले. पहिली तार तुटली, दुसरी ताणली गेली, लिव्हर दोनदा उलट्या बाजूने बसली आणि दोन्ही वेळा दादाने त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. प्रत्येक बोल्ट दादा स्वतः बसून, भिंग लावून तपासायचा. चष्मेवाला दिवा धरायचा.

मग एका सकाळी दादाने जीप बाहेर काढली. बायको आणि वहिनी फाटकाशी उभ्या राहिल्या. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे गाडी वळवली, हाताने क्लच दाबत सावकाश परत आला. चष्मेवाला रस्त्याच्या कडेला उभा होता. दादाने त्याच्यासमोर गाडी थांबवली नाही. पुढे त्या जीपमध्ये बहीण बसली, वहिनी बसली, डेपोतले लोक बसले. चष्मेवाल्याला त्याने गाडीखाली झोपायला बोलावलं, शेजारी बसायला कधीच नाही.