तलवारवाली रोज येते

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे काजबाई म्हणत. बावीस वर्षं शर्टांना काजं पाडणाऱ्या मशीनवर बसलेली बाई, दुसरं काय म्हणणार? हाताला चलाख, तोंडाला तिखट, आणि हट्ट असा की सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तोच पीळ एकुलत्या एका लेकीनं पुरेपूर उचलला होता. लेकीनं आपल्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा दोघींची अशी जुंपली की बोलता सोय नाही. रागाच्या भरात काजबाई बोलून गेली, की आता मी बोलावेन तेव्हाच या घरात पाऊल ठेवायचं. लेक गेली. आईनं काही बोलावलं नाही.

आता कुणालाही वाटेल, बाई आतून झुरत असेल. तर तसंही नव्हतं, आणि त्याला कारण तिच्या फोनमधला एक खेळ.

खेळ लेकीनंच घालून दिला होता, दोघींचं गोडीगुलाबीचं होतं तेव्हा. अर्धा खेळ निव्वळ बोटाचा. टिचकी मारली की लाकूड जमतं, धान्य जमतं, आणि फोन बंद करून तुम्ही कामाला गेलात तरी तुमची माणसं मागे राबत राहतात. उरलेला अर्धा मात्र गोष्टीचा. प्रत्येकाला स्वभाव असतो, जुनी भांडणं असतात, खेळ अधूनमधून प्रश्न विचारतो आणि दिलेलं उत्तर लक्षात ठेवतो. काजबाई झाली औषधं देणारी वैद्यीण. लेक झाली तलवारवाली, आणि स्वभाव निवडायची वेळ आली तेव्हा हसत हसत तिनं निवडला, ‘हट्टी, पण मायाळू’. दोघींचा मुक्काम एकाच रानात. जी आधी येईल तिनं दुसरीसाठी शेकोटी पेटवायची.

लेक घर सोडून गेली तरी शेकोटी पेटत राहिली. काजबाई रोज सकाळी कामाला निघण्याआधी खेळ उघडायची आणि तलवारवाली हजर. कधी म्हणायची, ‘तू दमलीस, आजची राखण मी करते.’ कधी म्हणायची, ‘माझी काळजी नको, मी खमकी आहे.’ अगदी लेकीचंच बोलणं! काजबाईचा जीव भांड्यात पडायचा. तोंडानं बोलत नाही कार्टी, पण शेकोटी पेटवते ना? मग येईल वळणावर, आपण कशाला आधी नमतं घ्यायचं? आठवड्याभरानं तलवारवालीच्या नावापुढे एक छोटं करडं फूल उमटलं, तेव्हा नवीन संसाराचं काहीतरी बक्षीस मिळालं असेल म्हणून ती मनात खूशही झाली.

वर्ष होत आलं आणि एका सकाळी काजबाईची धाकटी बहीण धापा टाकत आली. लेकीला दिवस गेले होते, सातव्या महिन्यात अवघड झालं, दवाखान्यात ठेवलंय, उठ आणि चल, म्हणाली. काजबाई आपल्या बहिणीला ओळखून होती. राईचा पर्वत करण्यात तिचा हात कुणी धरला नसता, आणि मायलेकींचा समेट घडवायला तर ती आकाशपाताळ एक करत होती. काजबाईनं शांतपणे खेळ उघडला. शेकोटी पेटलेली. तलवारवालीनं सकाळपासून दोन लांडगे मारलेले. तिनं फोन बहिणीच्या नाकासमोर धरला.

“हे बघ. इतकी आजारी बाई लांडगे मारत बसते का?”

बहीण आल्या पावली निघून गेली. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. टाकू दे, म्हणाली काजबाई, खोटं पकडलं गेलं की माणसाला राग येतोच.

चार महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत मशीन दुरुस्तीवाल्या मेकॅनिकनं तिच्या फोनमध्ये डोकावलं. चांगला बापया माणूस, पण तोही हाच खेळ खेळायचा. तुमची सोबतीण सोडून गेली वाटतं, असं तो सहज म्हणाला. काजबाई उखडली. रोज येते म्हणाली, फूलसुद्धा मिळालंय तिला.

“अहो बाई, ते फूल नाही, यंत्राचं दातेरी चाक आहे. माणूस आठवडाभर आलं नाही की खेळच त्याच्या जागी खेळतो. स्वभाव दिलेला असतो ना, त्यावरून बोलतो.”

त्यानं चाकावर बोट ठेवलं. तलवारवालीला लेकीनं शेवटचा हात लावल्याची तारीख आली. घर सोडलं त्याच्या आदल्या दिवसाची.

काजबाई जिन्यात जाऊन बसली. बहिणीपुढे फोन नाचवणारा आपला हात तिला आठवला आणि स्वतःची शिसारी आली. लेकीचा नंबर पाठ होता. सोळा महिन्यांत पहिल्यांदा तिनं तो लावला.

लेकीनं उचलला. आवाज सरळ होता, रागाचाही नाही. बरी आहे म्हणाली. काजबाईनं कसंबसं बाळाचं विचारलं. राहिलं नाही, एवढंच उत्तर आलं. मग काजबाई घाईघाईनं शेकोटीचं, लांडग्यांचं, चाकाचं सगळं सांगत सुटली. लेकीनं विचारलं, कुठला खेळ? तिला आठवायलाच वेळ लागला. तो जुना फोन लग्नाच्या आधीच फुटला होता.

“मावशी म्हणाली होती, आईला घेऊन येते,” लेक म्हणाली. “चार दिवस मी दाराकडे तोंड करून पडले होते, आई. नर्स कूस बदला म्हणायची, मी बदलली नाही.”

“मी आत्ता निघते. तू नको येऊस, मीच येते.”

“आता नको. हल्ली मी कुणाची वाट बघत नाही. त्यातच जरा बरं वाटतंय.”

निदान अधूनमधून फोन करू का, असं काजबाईनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं लेकीला काही विचारून करायचं ठरवलं होतं. पलीकडून हो आलं नाही, नाहीही आलं नाही. लेकीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. काजबाई फोन कानाशी दाबून तो ऐकत राहिली, आणि थोड्या वेळानं लेकीनं फोन ठेवला.