नपुंसकलिंगी सेनापती

मला माणसांची तोंडं काढता येत नाहीत. हात येतात, पाय येतात, चक्रं आणि स्क्रू तर डोळे मिटून येतात. पण तोंड काढलं की ते उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. आमच्या वहिनीने हे घरात आल्या आल्या ओळखलं. तेव्हा माझ्या चित्रांना सगळीकडून नकार येत होते आणि दादा मला छापखान्यात चिकटवायच्या बेतात होता. वहिनीने एक गोष्ट लिहून माझ्यापुढे टाकली. दोन फौजा, घनघोर युद्ध, आणि अख्ख्या गोष्टीत एकही माणूस नाही. सगळे यंत्रमानव.

"आता काढ," ती म्हणाली. "डब्यांना तोंडं नसतात."

त्या दिवसापासून मी चित्रकार म्हणून पोट भरतोय. हे ऋण तिचं आहे, हे मला रोज कळतं. फेडायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

आमची चित्रमालिका चार भागांची होती, एका साप्ताहिकात येणारी. घण आणि रंधा हे दोन सेनापती. वहिनीची अट एकच: यंत्रं स्वतःबद्दल नपुंसकलिंगातच बोलणार. 'मी आलं. मी लढलं.' आता आमचा दादा त्याच साप्ताहिकात मुद्रितशोधक. त्याने पहिल्या भागाच्या संवादांच्या फुग्यांतले सगळे 'आलं' इमानेइतबारे 'आलो' केले आणि तसंच छापून आलं. आठवडाभर वहिनी त्याच्याशी बोलेना. बोललीच तर "मी जेवलं, तुमचं ताट झाकलंय" एवढंच. दादा सुतासारखा सरळ आला. पुढचे दोन भाग बिनचूक निघाले, म्हणजे वहिनीच्या मते बिनचूक. मग साप्ताहिकच बंद पडलं आणि चौथा भाग राहिला तो राहिलाच. इतकी वर्षं घण आणि रंधा मोडक्या पुलावर समोरासमोर उभे आहेत.

यंदा वहिनीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. वाचा हळूहळू परत आली ती अर्धीच: तुटक, आखूड आणि सगळी नपुंसकलिंगात. "मी उठलं." "मी झोपलं." वाचा सुधारायला एक बाई घरी येत. "'उठले' म्हणा," त्या गोडीने सांगत. वहिनी जीव तोडून प्रयत्न करी, तोंडातून 'उठलं'च येई, आणि मग ती भिंतीकडे वळून गप्प होई. बाई गेल्या की दादा तिच्याकडून 'उठले, बसले, जेवले' घोकून घ्यायला बसे. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. ती आणखीच मिटत गेली. शेवटी बाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की बोलणं असंच थांबलं तर आहे तेही जाईल.

मला संताप आला. कोणाचा, ते विचारू नका. मी माळ्यावरून जुनी पानं काढली, धूळ झटकली आणि पुलाचं पान तिच्या मांडीवर ठेवलं.

"घण काय म्हणतं?" मी विचारलं.

तिने डाव्या हाताचं बोट घणावर टेकवलं. "मी... दमलं."

"आणि रंधा?"

"मी पण."

मी तिथेच फतकल मारून ते फुग्यांत लिहून घेतलं. दादा हवालदिल झाला. "अरे, बाई सांगताहेत काय आणि तू तिच्या चुका पक्क्या करतोयस?"

"चुका नाहीत या, दादा," मी म्हटलं. "तिच्या फौजेची भाषा आहे."

बाईंना विचारलं तर त्या हसल्या. "बोलताहेत ना? मग बोलू द्या."

तेव्हापासून रोज सकाळी ती सांगे आणि मी काढे. हळूहळू ती नुसतं सांगण्यावर थांबेना, भांडायलाही लागली. "पाय वाकडं," म्हणाली की पाय पुसायचा, हुज्जत नाही. ती ओरडली की स्वयंपाकघरात दादा खूश होई. मीही मनातल्या मनात देवाचे, बाईंचे आणि त्या दोन डब्यांचे आभार मानी.

शेवटच्या पानापर्यंत आलो. दोन्ही फौजा भंगारात गेल्या होत्या. रंधा पुलावर कोसळलेलं, आणि घणाने स्वतःची बॅटरी काढून त्याच्या छातीत बसवली होती. आता उठून रंध्याने काहीतरी बोलायला हवं होतं. वहिनी अडली. तिने डाव्या हाताने पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"तू," ती म्हणाली.

उभ्या जन्मात तिने मला एक अक्षर स्वतःच्या मनाने लिहू दिलं नव्हतं. मी फुग्यात लिहिलं, 'तुझ्यामुळे मी टिकलं.' लिहिताना माझे डोळे भरून आले. ते मी लपवलं नाही.

वहिनीने वाचलं. मग खोडरबर मागून घेतला, 'टिकलं'वरचं टिंब पुसलं, आणि डाव्या हाताने काना जोडून त्यावर मात्रा दिली. टिकलो.

"अगं, रंधा 'टिकलं' म्हणेल," मी म्हटलं. "तूच घातलेला नियम आहे."

"रंधा नाही," ती म्हणाली. शब्द शोधायला तिला वेळ लागला. मी थांबलो.

"तू टिकलास."

मी तो फुगा तसाच शाईने पक्का केला.