सरळ रेघेला पोक

वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, दुकानांच्या पाट्या रंगवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाई हवेत तरंगायला लागल्या.

"अगं, पिवळा एवढा पिवळा असतो? आणि तुझ्या हनुवटीवर हा केस कधीपासून आहे?"

महिनाभर अशी चंगळ चालली. मग एका सकाळी त्या अर्धवट रंगवलेल्या पाटीसमोर बसून पट्टीवर डाफरताना दिसल्या. "या पट्टीला पोक आलंय!"

मी दुसरी दिली. तिलाही पोक. मला शंका आली. त्यांचा ऑपरेशन न झालेला डोळा हातानं झाकून मी म्हटलं, "आता दाराची चौकट बघा."

"मधोमध वाकलीय." आवाज एकदम बारीक झाला. "आणि तुझा चेहरा कुणी ओल्या बोटानं फिसकटवल्यासारखा दिसतोय. ऑपरेशन वाया गेलं गं."

"गप्प बसा आणि चपला घाला."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथे खळगा हवा, तिथे टेंगूळ होतं.

"पाणी साठून सूज आलीय. ऑपरेशननंतर काहींना होतं असं," त्या म्हणाल्या. "लगेच आलात ते बरं केलंत. थेंबांनी बहुतेकांची उतरते. पण वेळ लागतो, आणि थेंब चुकवायचे नाहीत."

थेंब घालायचं काम माझ्याकडे. वन्सं डोळा असा घट्ट मिटायच्या की अर्धं औषध गालावर.

"औषध घालतेस की भिंत धुतेस?"

"डोळा उघडा, नाहीतर नाकात घालीन!"

आमची झटापट सुरू झाली की माझा नवरा पेपर घेऊन गॅलरीत पळायचा.

पुढच्या तपासणीला सूज जेमतेम उतरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेंब चालूच ठेवा. घरी आल्यावर मी बाटली घेऊन उभी राहिले, तर वन्संनी मुकाट्यानं डोळा उघडला. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या खेपेला डॉक्टरीणबाई फोटो बघून हसल्याच. खळगा जागेवर आला होता! वन्संनी त्यांना खुर्चीतच मिठी मारली.

मग रस्ताभर एकेक पाटी मोठ्यांदा वाचत चालल्या. शिंप्याच्या दुकानासमोर तर थबकल्याच. "'शिलाई'तला ल बघ, लंगडतोय! कुणी रंगवलाय हा?"

"वन्सं, हळू! मालक दारातच उभे आहेत."

"मग बरंच झालं," म्हणत त्या सरळ दुकानाच्या पायऱ्या चढल्या.